सांधणी

नोव्हेंबरात येणार, असं ठरलं होतं
कुठल्यातरी परदेशी इमारतीत.
त्यांच्याकडे म्हणे पुढे लगेच सण, सुट्ट्या, भेटवस्तू.
आमच्या अशोक चौकात नोव्हेंबर म्हणजे
दिवाळीचा बोनस संपून
उधारीची वही पुन्हा उघडलेली.

नायनाचं पार्लर: चार टीव्ही, चार जुने कन्सोल,
तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला बारा,
बटणांवरच्या खुणा अंगठ्यांनी पुसलेल्या,
भिंतीवर पाटी: हरल्यावर आपटू नये.

समोर रेवणसिद्ध हत्तुरेनं पहिल्याच दिवशी आणला,
छापील किमतीवर सहा हजार जास्त मोजून.
खोक्याला हळदकुंकू, बाहेर फ्लेक्स,
फ्लेक्सवर कन्सोलपेक्षा मोठा हत्तुरे.
आमची पोरं रस्ता ओलांडून गेली.
एकाची चप्पल तर घाईत आमच्याच दारात राहिली.

मी विचारलं, नायना, आपण कधी?
सतरा वर्षं मागावर जॉबर होता तो.
म्हणाला, बीम संपत आला की आवाजावरून कळतं.
संपल्यावर नवा शोधायला गेलं तर माग उभा राहतो,
आधीच चढवला तर उरलेलं सूत वाया.
पहिल्या खेपेचं यंत्र तापतं.
तापू दे की, हत्तुरेच्या पैशानं.
गेम किती आहेत त्याच्याकडे? दोन.

मग वहीच्या मागच्या पानावर त्यानं वर्ष मांडलं.
मार्चात परीक्षा. मेमध्ये ऊन, वीज जाते.
जूनमध्ये वह्या-पुस्तकं, पोरांचे खिसे रिकामे.
दिवाळीत किंमत एकदा उतरेल. उतरू दे.
जानेवारीत गड्डा, होम मैदानावर पाळणे,
पाळण्याशी स्पर्धा कोण करणार?
गड्डा उठला की, म्हणाला,
पाळणे सुटे करून ट्रकवर चढतात,
आणि पोरांना संध्याकाळी काय करावं सुचत नाही.
तेव्हा.

म्याकलांचा शशी रोज यायचा त्या वर्षी.
काका, कधी?
थांब की लेका.
काका, आता?
हत्तुरेचं यंत्र दोनदा पुण्याला जाऊन आलं दुरुस्तीला.
बाकीची पोरं परतली, जरा लाजत.
नायनानं काही विचारलं नाही,
पंखा तेवढा त्यांच्याकडे वळवला.

फेब्रुवारीत आला आमचा. पातळ, काळा, स्वस्त.
जुने गेम त्यात चालत होते.
शटर ओढून नायना रात्रभर जमिनीवर बसला,
प्रत्येकाचा अर्धवट डाव
जुन्यातून काढून नव्यात घालत,
जशी सांधणीला बसलेली माणसं
संपत्या ताण्याचं एकेक टोक
नव्याच्या टोकाला गाठ मारतात,
आणि एक जरी गाठ चुकली
तरी पार शेवटपर्यंत कापडात रेघ.
नावं वाचत होता तो पुटपुटत.
इरफान, एकोणतीस टक्के.
गणेश चिप्पा, चार.
शशी म्याकल, बावन्न.

हिशोब चुकला नाही नायनाचा.
पहिल्या शनिवारी रांग थेट टायरच्या दुकानापर्यंत.
हत्तुरे स्वतः येऊन चहा पिऊन गेला.

शशी आला महिन्याभरानं.
ओठावर मिसरूड, केसांत टॉवेलच्या कारखान्याची पिंजार.
दारातूनच बघितलं त्यानं.
भारी आहे, काका.
नायनानं कंट्रोलर पुढे केला.
शशी म्हणाला, सेकंड शिफ्ट आहे,
आणि सायकलला टांग मारली.

कंपनीचं एक यंत्र सात वर्षं चालतं,
मग ती पुढचं काढते.
पोराची खेळायची वर्षंही साधारण तेवढीच,
फक्त त्यांची तारीख कोणी आधी जाहीर करत नाही.

परवा चिप्प्यांचा धाकटा ओरडला,
काका, मेमरी भरली, नवा गेम बसत नाही.
हा बावन्न टक्केवाला कोण?
पुसू का?

नायना काउंटरवर सुट्टे मोजत होता.
राहू दे, म्हणाला, जागा आहे.

जागा नव्हती.